अंगठ्याच्या वरचं

"नामदेव हिरू ऐनकर, हाजर होऽऽ!"

कर्जतच्या कचेरीच्या पायरीवरून पट्टेवाल्याने आरोळी ठोकली, तेव्हा चिंचेखाली बसलेल्या नामदेवने इतरांसारखीच मान वळवून पाहिलं, की हा कोण नामदेव हिरू, आणि बेटा उठत का नाही. पंधरा वर्षं तो हेच तर करत आला होता. आरोळी झाली की आपल्या वकिलाचा पक्षकार हुडकायचा, हॉटेलातून, झाडाआडून, कुठूनही. त्याला तोंडातली तंबाखू थुंकायला लावायची, पागोटं सारखं करायला लावायचं, आणि पाठीवर हात ठेवून आत सोडायचं. शेकडो माणसं त्याने अशी आत सोडली होती. पण त्या आवाजात आपलं स्वतःचं नाव कसं ऐकू येतं, हे त्याला आज कळलं. आणि आपलं एक वेळ ठीक, सोबत बापाचंही. हिरू ऐनकर जिवंत होता तोवर या कचेरीची पायरी कधी चढला नाही. काम पडलं तर कुंपणाबाहेर उकिडवा बसायचा आणि आत जाणाऱ्याच्या हाती निरोप द्यायचा. मरून नऊ वर्षं झाल्यावर आज त्याला चारचौघांत नाव घेऊन बोलावत होते, आणि ते कशाला, तर पोराच्या साक्षीला. 

तो उठला नाही. पट्टेवाला तीनदा पुकारतो. पहिल्या हाकेला धावतो तो अडाणी, दुसरीला उठतो तो घाबरट, आणि तिसरीला सावकाश चढतो तो कोर्ट पाहिलेला माणूस, अशी वकिलाकडच्या जुन्या कारकुनाची, आबाजींची, शिकवण होती. अजून दोन हाका बाकी होत्या. पौषातलं ऊन अंगावर बरं वाटत होतं. पलीकडे कुंपणाशी, बरोब्बर बाप बसायचा त्या जागी, चिंधी बसली होती. डोंगराखालच्या वाडीतली ठाकरीण, चांगोची बायको. चांगो दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. कडावच्या वरच्या अंगाला दोन खाचरं तो बापापासून कसत होता. मालक खालापूरकडचा. चांगोने मरायच्या आदल्या साली 'मी ही जमीन आपखुशीने सोडतो' असा राजीनामा लिहून दिल्याचा कागद मालकाने पुढे केला होता, आणि चिंधीचं म्हणणं, असा कागद झालाच नाही, नवरा फक्त खंडाच्या पावतीला अंगठा करून आला होता. कागद नामदेवच्या हातचा होता. रावसाहेब मामलेदार आज त्याला एवढंच विचारणार होते, की अंगठा घेण्याआधी हे वाचून दाखवलं होतं का. होय म्हटलं तर खाचरं मालकाची. नाही म्हटलं तर चिंधीची. इतकी सोपी गोष्ट. नामदेव ज्यांच्याकडे कारकून होता ते भाऊसाहेब वकील मालकाचे वकील होते, आणि परवाच ते सुपारी कातरता कातरता म्हणाले होते, "साक्ष उरकली की तुझ्या परवान्याच्या अर्जावर शिफारस टाकतो." परवाना म्हणजे अर्जनवीसाचा, पैसे घेऊन लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्याचा. कचेरीच्या आवारात स्वतःचं मेज, स्वतःच्या नावाची पाटी. बाकी सगळं हातचं गेल्यावर उरलेली ही एवढीच.

बाकी सगळं म्हणजे काय? तर फार काही नव्हे, वकील व्हायचं होतं. आता ते मनात म्हणतानाही त्याला लाज वाटे. कडावच्या शाळेत ज्या दिवशी नाव घातलं, त्या दिवशी मास्तरांनी रजिस्टर पुढे केलं, आणि बापाने चिखलाचा हात धोतराला पुसून अंगठा उठवला. मास्तर हसून म्हणाले, "हिरू, अरे वर काय लिहिलंय ते तरी विचार." बाप म्हणाला, "तुमी लिवलंय म्हंजी खरंच आसंल." मग घरी येताना बांधावर थांबून तो नामदेवला म्हणाला, "नामा, आपल्या सात पिढ्या आंगठं उठवत्यात रं. वर काय हाय ते एकाला बी ठावं नाय. तू तेवडं वाचायला शिक. बाकी नाय शिकलास तरी चालंल." बापाची मागणी एवढीशीच होती. पण नामदेव हुशार निघाला, हीच गडबड झाली. सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला तो केंद्रात पहिला आला. मास्तरांनी पेढा स्वतः खाल्ला आणि चिठ्ठी लिहून त्याला कर्जतला भाऊसाहेबांकडे पाठवला. भाऊसाहेबांनी चिठ्ठी बाजूला ठेवून अक्षर बघितलं. खूप वेळ बघितलं. म्हणाले, "मोती आहेत रे. राहा इथे. दोन-तीन वर्षं काम शीक, रात्री इंग्रजी कर, मॅट्रिकला बाहेरून बस. पुढे वकिलीची परीक्षा मी बघतो." नामदेवला वाटलं झालं, आता काळा कोटच शिवायचा बाकी आहे. अक्षर चांगलं असलेल्या माणसाला जन्मभर लिहायलाच बसवतात, हे त्याला त्या वयात कोण सांगणार?

पहिले सहा महिने त्याने फक्त समास आखले. मग नकला. मग मोडी. जुने कारकून आबाजी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन शेजारी बसत आणि कागद नाकाला लावून त्याची चूक बोटाने दाखवत. बोरू कसा कापायचा, स्टँप कागदावर कुठून सुरुवात करायची, खाडाखोड झाली तर समासात सही कशी घ्यायची, चतुःसीमा सांगताना पूर्वेकडूनच का निघायचं, सगळं त्यांनी शिकवलं. फुकट शिकवलं आणि मनापासून शिकवलं, हे नामदेव कधी नाकारणार नाही. "वकिलाला अक्कल लागते," ते म्हणायचे, "आणि कारकुनाला अक्कल असून ती न दिसू देण्याची अक्कल लागते." त्यांनीच ती दुसरी गोष्टही शिकवली. डोंगरावरचा माणूस तीन-चार कोस चालून येतो, एकदा परत गेला की पुन्हा महिना महिना सापडत नाही. तेव्हा तो समोर आहे तोवर अंगठा घेऊन ठेवायचा, मजकूर मागाहून. कागदाच्या तळाला आधी शेवटची ओळ लिहायची, 'सदर कागद वाचून दाखविला, तो समजला, म्हणून अंगठा केला असे,' तिच्याखाली अंगठा, आणि त्याच्या बगलेला लिहिणाऱ्याचं नाव, बिकलम, म्हणजे हस्ते, अमुक. वरचं कोरं. वकील सवडीने सांगतील तेव्हा भरायचं. नामदेव तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याने विचारलं, "पण आबाजी, वाचून दाखवला असं लिहायचं आणि वाचायला वर काहीच नाही?" आबाजी हसले. त्यांना राग आला नाही, तेच वाईट. म्हणाले, "मजकूर वकिलाचा, अंगठा पक्षकाराचा. पाप कुणाचंच नाही. आपण नुसतं बिकलम." पहिल्या खेपेला नामदेवने ती ओळ लिहून दोनदा वाचली. दहाव्या खेपेला वाचली नाही. शंभराव्या खेपेला त्याला ती ओळ कागदावर दिसेनाशी झाली, जशी आपल्याला आपल्या घराची पायरी दिसत नाही.

आणि मॅट्रिक? पहिल्या साली फॉर्म भरायच्या वेळेला भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. दुसऱ्या साली एक मोठा दिवाणी दावा होता. तिसऱ्या साली फॉर्म भरला, सही झाली, आणि तो भाऊसाहेबांच्या कोटाच्या खिशात राहिला. कोट धुवायला गेला तेव्हा सापडला. "अरेरे," भाऊसाहेब म्हणाले, "पुढल्या वर्षी नक्की." खोटं नव्हतं ते. त्यांना खरंच वाईट वाटलं असणार. माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त आपलं अक्षर हवं असतं. मध्यंतरी त्यांचा पुतण्या पुण्याहून एलएल.बी. होऊन आला. नामदेवपेक्षा कमी वयाचा. त्याला वहिवाटीचा अर्ज कसा लिहायचा हे नामदेवने शिकवलं, आणि दुसऱ्या महिन्यात तो नामदेवला म्हणाला, "अहो, जरा पाणी आणता?" नामदेवने आणलं. मग भाऊसाहेबच एकदा म्हणाले, की ती जुनी वकिलीची परीक्षा आता बंद होणार म्हणतात, यापुढे पदवीशिवाय काम नाही. असं सांगितलं जणू सावलीत ऊन आलंय, जरा सरकून बस.

"नामदेव हिरू ऐनकर, हाजर होऽऽ!" दुसरी हाक. चिंधीने कुंपणापासून मान वर केली. तिला हे नाव ओळखीचं होतं. ती दर थंडीत कर्जतला मोळी विकायला आली की नामदेवच्या दारात रानातून खणलेले करांद्याचे कंद टाकून जायची, आणि नामदेवची बायको सुंदरा तिला ताकाचा तांब्या द्यायची. आज सकाळी सुंदराने त्याच्या सदऱ्याचं बटण लावताना विचारलं होतं, "आपल्या चिंधीचाच निकाल ना?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "मला काय करायचंय? इचारलं." आणि दोरा दाताने तोडला. बस, एवढंच बोलणं. तो दाताने दोरा तोडल्याचा आवाज अजून कानात होता.

आणि चांगो. लढाईचं साल होतं, लावणी उरकलेली. मालकाच्या माणसाने त्याला आणला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं, ते बाहेर ठेवून आत आला आणि जमीन खराब होईल म्हणून दारातच उभा राहिला. नामदेवने सवयीने तळाची ओळ लिहिली. शाईची गादी पुढे सरकवली. चांगो म्हणाला, "दादा, पावतीच ना ही?" नामदेव म्हणाला, "हं." त्या वेळी त्याला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. आजवर शंभर वेळा त्याने स्वतःला हे सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. दोन दिवसांनी भाऊसाहेबांनी मजकूर सांगायला घेतला, 'कारणे राजीनामा लिहून देतो ऐसा की,' तेव्हा त्याचा टाक थांबला. भाऊसाहेब सुपारी चघळत खिडकीबाहेर बघत होते. टाक थांबला, आणि मग चालू लागला. किती वेळ थांबला? एक शिंक येऊन जायला लागते तेवढा. मजकूर अंदाजापेक्षा लांबला. खाली अंगठा वाट बघत बसलेला. शेवटच्या सहा ओळी त्याला दाटीने लिहाव्या लागल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं अक्षर घाण आलं. त्याला त्या दिवशी त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिसरी हाक झाली. तो सावकाश चढला, कोर्ट पाहिलेल्या माणसासारखा.

आत चिंधीलाही बोलावून दाराजवळ उभी केली होती. भाऊसाहेब खुर्चीत. रावसाहेबांनी शपथ द्यायला सांगितलं, नामदेवने ती पट्टेवाल्याच्या आधीच म्हणून टाकली, एवढी ती पाठ. धंदा काय? तो म्हणाला, "वकिलाचा कारकून." लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. हा कागद तुमच्या हातचा? होय. हा अंगठा मयत चांगोचा? होय. तुमच्यासमक्ष केला? होय. सगळं खरं. खरं बोलणं किती सोपं असतं, पायरीपायरीने उतरल्यासारखं, असं त्याला वाटत होतं. त्याने मनात ठरवलं होतं की नाही, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. बहुतेक त्याने ठरवलं होतं, की नाही म्हणायचं. बहुतेक. कारण रावसाहेबांनी कागद उजेडाकडे धरला, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, की आता हेच पकडतील, आणि आपल्याला बोलावंच लागणार नाही.

"खालच्या ओळी फार दाटून लिहिल्यात," रावसाहेब म्हणाले. "वर एवढी ऐसपैस, आणि खाली अशी. अंगठा आधी आणि मजकूर मागाहून, असं तर नाही ना झालं?"

भाऊसाहेबांचं सुपारी चघळणं थांबलं. चिंधी नुसती बघत होती. आणि नामदेवच्या तोंडून, कुणी पढवलेलं नसताना, सरळ, अदबीने शब्द आले, "लढाईचे दिवस होते, रावसाहेब. स्टँपाला जोडायला जादा कागद मिळत नव्हता. म्हणून एकातच बसवलं."

 रावसाहेबांनी मान डोलावली. त्यांच्याही कचेरीत त्या दिवसांत पाकिटं उलटी करून वापरली होती. आणि भाऊसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. एक वकील दुसऱ्या वकिलाकडे पाहतो तसं पाहिलं. नामदेवच्या छातीत काहीतरी उचंबळून आलं, आणि ती लाज नव्हती. ते सुख होतं. ज्यासाठी त्याने रात्ररात्र इंग्रजी शब्द घोकले, पाणी आणलं, भाजी आणली, फॉर्म भरले, ते सुख त्याला मिळालं, आणि ते या वाक्यावर मिळालं. लाज वाटली ती पुढे. आधी सुख होतं, आणि ते त्याने स्वतःपासून कधी लपवलं नाही.

"वाचून दाखवला होता?"

"होय. वाचून दाखवला, समजला म्हणाला."

लिहिणाऱ्याने जबानीच्या तळाला लिहिलं, 'वाचून दाखविली, बरोबर आहे,' आणि न वाचता पुढे सरकवली. नामदेवने सही केली. मोत्यासारखी.

चिंधीचा अर्ज नामंजूर झाला. परवाना यायला दोन महिने लागले. चिंचेखाली मेज आलं, 'नामदेव हिरू ऐनकर, अर्जनवीस' अशी पाटी त्याने स्वतःच रंगवली. भाऊसाहेबांचं कामही सुटलं नव्हतं. त्यांच्या जुन्या कागदांच्या नकला त्याच्याच पेटीत असत. फाल्गुनात एके दिवशी टळटळीत दुपारी, आवार रिकामं असताना, चिंधी मेजासमोर येऊन बसली. पदरातले करांदे तिने मेजाच्या कोपऱ्यावर ठेवले. हंगामातले शेवटचे असावेत, सुरकुतलेले. नामदेवला वाटलं, आता शिव्या देईल. त्याने मनातून अंग चोरलं. शिव्या त्याला हव्याच होत्या.

"दादा," ती म्हणाली, "त्यो कागूद हाय का तुमच्यापाशी? आमच्या घरवाल्याचा?"

"नक्कल आहे. कशाला?"

"मला वाचून दावा येकदा."

"आता काय उपयोग गं त्याचा?"

"जिमिनीचं नाय." तिने जमिनीवर बोट फिरवलं. "तुमी देवाची आण घेऊन बोल्लात, त्याला वाचून दावला म्हून. म्हंजी त्याला ठावं व्हतं. जिमीन सोडली, आन मला बोल्ला नाय. घरी आला तो हासत आला. म्हनला, पावती झाली, चिंधे, च्या कर. दोन म्हैने मी बोलतेय माज्या मनाशी, ह्यो मानूस असा नव्हता. पन तुमी का खोटं बोलाल? तुमी हिरूचं प्वार. तवा त्यानं काय आयकलं, ते मला बी आयकायचं हाय."

नामदेवने पेटी उघडली. हाताला नक्कल लगेच लागली. आपले कागद तो नीट लावून ठेवी. तो वाचू लागला. 'कारणे राजीनामा लिहून देतो ऐसा की.' सावकाश वाचलं. प्रत्येक अवघड शब्दाशी थांबून त्याचा अर्थ सांगितला. चतुःसीमा सांगितल्या, तेव्हा ती म्हणाली, "हां, त्यो आंबा," आणि "हां, त्यो व्हाळ." पंधरा वर्षांत ज्याचा अंगठा आहे त्याच्या माणसासमोर बसून पुरता कागद वाचायची ही त्याची पहिली वेळ. सगळा वाचून व्हायला एक विडी ओढायला लागते तेवढाही वेळ लागला नाही. एवढाच वेळ लागला असता. तो शेवटच्या ओळीपाशी आला आणि तीही त्याने वाचली.

चिंधीने डावा अंगठा पुढे केला. "कुटं उठवू?"

"नको गं. आता अंगठ्याचं काम नाही."

"नाय?" तिने अंगठा मुठीत मिटला. मग खाली बघत विचारलं, "आन ह्ये समदं आयकून त्यो हो बोल्ला?"

या वेळी शपथ नव्हती. रावसाहेब नव्हते, भाऊसाहेब नव्हते. निकाल होऊन गेला होता, परवाना घरी भिंतीवर चौकटीत होता, आणि पट्टेवाला आत डुलक्या घेत होता. नाही म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. बाप म्हणाला होता, तेवढं वाचायला शिक. तेवढं तर त्याने आत्ता वाचलं होतं. नाही म्हटलं तर तिचा नवरा तिला परत मिळणार होता. फक्त मग ती तोंड वर करून नामदेवकडे बघणार होती.

"हो म्हणाला," नामदेव म्हणाला.

चिंधीने कागदाकडे एकदा पाहिलं. रडली नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मरताना त्यो पानी मागत व्हता," ती म्हणाली, "आन मी रानात व्हते, लाकडं आनाया. त्याचंच रडत व्हते दोन वरसं, का पानी नाय दिलं म्हून." तिने पदर खोचला. "आता नाय रडायची."

ती कुंपणाच्या बाजूने गेली. नामदेवने नक्कल घडीवर घडी घालून पेटीत ठेवली, करांदे उचलून पिशवीत टाकले, आणि समोर एक पक्षकार येऊन उभा होता, त्याला बस म्हणाला.